रुमाल दातात धरण्याआधी

हॉलमध्ये कुणी "या ना काका, एकच स्टेप" म्हणत हात ओढला की जे काका खुर्ची सोडत नाहीत, तेच काका वरात चौकात पोचली की रुमालाचं टोक दातात धरतात, त्याची पुंगी करतात आणि समोर डोलणाऱ्या नागापुढे चक्क डांबरावर गुडघे टेकतात. फरक जागेचा आहे. हॉलमधला नाच चारचौघांनी बघायचा, वरातीतला चालता चालता करायचा. शंभर माणसं एकाच दिशेने सरकत असताना कोण कुणाची स्टेप मोजणार? न नाचणाऱ्यांना नाचवणारी आपल्याकडची बरीच गाणी या सरकत्या गर्दीतली, नाहीतर तिच्या वाद्यांवर वाढलेली आहेत.

नागाचंच घ्या. ती धून १९५४ च्या 'नागिन'मधली, संगीत हेमंतकुमार यांचं. गंमत म्हणजे त्या धुनेत गारुड्याची पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती विजेवर चालणाऱ्या क्लॅव्हियोलिनवर वाजवली, रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. पुढे रस्त्यावर ती बेंजोवर चढली, आणि बेंजोचं मूळ तर त्याहून लांबचं. मुंबईत आपण ज्याला बेंजो म्हणतो ते अमेरिकी बँजो नव्हे. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' बनवलं: तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, बटण दाबा आणि तार छेडा. ते भारतात बुलबुलतरंग झालं. गिरणगावातल्या, कोळीवाड्यातल्या पोरांनी त्याला पिकअप लावून भोंग्याला जोडलं आणि बेंजो पार्टी उभी राहिली.

बेंजोला गायक लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शब्द नसल्यामुळे आरतीवरून भीमगीतावर, तिथून सिनेमाच्या गाण्यावर उडी मारताना ठेका तुटत नाही. शब्द नाचणाऱ्यांना पाठच असतात.

कोळीगीतांनी दुसरी अडचण सोडवली, हातांचं काय करायचं ही. सहा मात्रांचा तो हेलकावा सुरू झाला की हात आपोआप वल्हं मारायला लागतात. कामाचीच हालचाल, शिकायला काही नाही. 'मी डोलकर' घराघरात पोचलं ते शांता शेळके यांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने. लतादीदींबरोबर त्यात आवाज होता पुन्हा हेमंतकुमारांचा. नागही त्यांचा, डोलकरही त्यांचाच.

घाटावर मात्र वरातीचा प्राण हलगी. जाळावर शेकून कातडं ताणायचं आणि दोन काड्यांनी तोडायचं. ही वाद्यं वाजवणं जातीने लादलेलं काम होतं, हे इथे गाळून चालणार नाही. ज्यांच्या तालावर गाव नाचलं, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. आंबेडकरी चळवळीत आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी गावकीचं हे वाजवणं सोडलं, आणि त्याच वस्त्यांमधून भीमगीतांचा नवा बाज उभा राहिला. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज या परंपरेतला. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांनी तो आवाज वरातीत आणला.

तिथून सिनेमात यायला फार वळसा पडला नाही. २००६ च्या 'जत्रा'मधलं 'कोंबडी पळाली' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं, अजय-अतुल यांचं संगीत. तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर वाजली. मग २०१६ चा 'सैराट'. त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद बसवला होता, पण प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर धावले ते 'झिंगाट'ला. थिएटरची वरात झाली. दोन वर्षांनी 'धडक'ने गाणं हिंदीत नेलं. शब्द बदलले, ठेक्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

एक गोष्ट मात्र कायद्याने बदलली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री १० नंतर भोंगे बंद. त्यामुळे साडेनऊ वाजले की बेंजोवाला मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो, ऑक्टोपॅडवाल्याला मान हलवून खूण करतो आणि नागाची धून काढतो. काकांचा रुमाल तेव्हा खिशातून बाहेर येतो.