कॅल्क्युलेटरला घात कसा सांगायचा

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब किती असेल, याचा चांगला अंदाज एका ओळीच्या सूत्राने येतो. समुद्रसपाटीवरचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरायचा आणि त्याला ई^(−५५०/८४००) ने गुणायचे. इथे ई म्हणजे २.७१८२८... ही संख्या, आणि ^ हे घाताचे चिन्ह. ८४०० मीटर वर गेलो की दाब मूळच्या १/ई इतका, म्हणजे सुमारे ३७ टक्के उरतो. गणित नीट केले तर घात −०.०६५४८ येतो, ई चा तो घात ०.९३६६ आणि दाब सुमारे ९४९ हेक्टोपास्कल. इंदूरला पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते, ते यामुळेच.

आता हीच ओळ कॅसिओच्या ‘एफएक्स-८२एमएस’सारख्या एका ओळीत लिहिणाऱ्या कॅल्क्युलेटरवर कंस न देता टाका: १०१३ × ई^−५५० ÷ ८४००. उत्तर ० येते. यंत्र बिघडलेले नाही. त्याने घात फक्त −५५० इतकाच वाचला आणि नंतर सगळ्याला ८४०० ने भागले. ई चा −५५० वा घात इतका बारीक आहे की दशांश चिन्हानंतर दोनशेहून जास्त शून्ये येतात. १० चा −९९ वा घात ही या यंत्राची खालची सीमा. त्याखालचे सगळे ते शून्यच मानते.

घाताची बहुतेक चुकलेली गणिते याच जातीची असतात. घाताचे चिन्ह आपल्या डावीकडची एक आणि उजवीकडची एक, अशा लगतच्या दोनच संख्या पकडते. गुणाकार-भागाकार त्याच्यानंतर, बेरीज-वजाबाकी सर्वांत शेवटी. वहीत आपण घातांक वर, बारीक अक्षरात लिहितो, त्यामुळे तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे डोळ्यांना दिसते. एका ओळीत टाकताना ती माहिती हरवते, आणि ती कंसांनीच परत द्यावी लागते. ८ चे घनमूळ काढायला ८^१÷३ टाकले तर २.६६७ येते. ८^(१÷३) टाकले तरच २.

‘ईएस प्लस’ मालिकेसारख्या, वहीतल्यासारखे लिहून दाखवणाऱ्या यंत्रांवर ही अडचण बरीच कमी होते, पण तिची जागा दुसरी घेते. तिथे घाताचे बटण दाबले की वर एक छोटा चौकोन उघडतो आणि कर्सर त्यात जाऊन बसतो. ५ चा वर्ग अधिक ३ हवे असेल आणि ५, घात, २, +, ३ असे सलग दाबले, तर पडद्यावर ५ च्या डोक्यावर २+३ जाते आणि उत्तर ३१२५ येते. घातांक टाकून झाला की उजवा बाण दाबून खाली उतरायचे, मग पुढचे. तेव्हाच २८ मिळते. बरोबर किंवा चूक हे पडद्यावर स्पष्ट दिसत असते, म्हणून ‘=’ दाबण्याआधी ओळ एकदा वाचायची सवय फार उपयोगी पडते.

याच यंत्रांवर लॉग (१० च्या पायाचा लॉगरिदम) आणि एलएन (ई च्या पायाचा) ही बटणे आपणहून कंस उघडतात. ७ टक्के चक्रवाढ व्याजाने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, हे एलएन(२) ÷ एलएन(१.०७) ने निघते: १०.२४ वर्षे. पण २ नंतरचा कंस बंद करायचा राहिला, तर यंत्र २ ÷ एलएन(१.०७) या सगळ्याचा एलएन काढते आणि ३.३८६ दाखवते. शेवटचा कंस बंद केला नाही तरी चालते, मधला राहिला की गणितच बदलते.

उणे चिन्हाचेही असेच. −३^२ टाकले की कॅल्क्युलेटर −९ देतो, कारण आधी ३ चा वर्ग होतो आणि मग उणे लागते. गणिताच्या नेहमीच्या संकेताप्रमाणे हे बरोबरच आहे. −३ चा वर्ग हवा असेल तर (−३)^२. गोंधळ वाढतो तो एक्सेलमुळे. तिथे एखाद्या खान्यात =−३^२ लिहिले तर उत्तर ९ येते, कारण एक्सेल आधी उणे लावते. रोज दोन्ही वापरणाऱ्याने ऋण पायाला कंस द्यायचाच, म्हणजे दोन्हीकडे एकच उत्तर येईल. घातावर घात असेल, जसे २^३^२, तर काही यंत्रे डावीकडून जाऊन ६४ देतात, काही वरून खाली येऊन ५१२. गणिताच्या पुस्तकांत ५१२ अभिप्रेत असते. इथेही २^(३^२) लिहून प्रश्न मिटवावा.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र ‘ईएक्सपी’ या बटणाची. जुन्या एमएस मालिकेवर त्यावर ईएक्सपी लिहिलेले असते, नव्यांवर ‘×१०’ आणि वर एक छोटा एक्स. नाव पाहून वाटते की हे ई चा घात काढते. तसे ते करत नाही. ई च्या घातासाठी शिफ्ट आणि एलएन ही जोडी आहे. ईएक्सपी म्हणजे ‘गुणिले दहाचा अमुक घात’, आणि ते संख्या टाकण्याचाच एक भाग आहे. अ‍ॅव्होगाड्रो संख्या ६.०२२ ईएक्सपी २३ अशी टाकायची. कुणी ६.०२२ × १० ईएक्सपी २३ टाकले तर ती दहापट होते, कारण १० ईएक्सपी २३ म्हणजे १०^२४.

हे बटण टाळून ६.०२२ × १०^२३ असे सरळ टाकले तर काय बिघडते? गुणाकारात काही नाही. भागाकारात मात्र सगळे. १ ÷ ६.०२२ × १०^२३ ही ओळ यंत्र डावीकडून वाचते: आधी १ ला ६.०२२ ने भागते, मग १०^२३ ने गुणते. उत्तर १.६६×१०^२२. तेच १ ÷ ६.०२२ ईएक्सपी २३ टाकले तर १.६६×१०^−२४. दोन उत्तरांत दहाच्या ४६ व्या घाताचा फरक. ईएक्सपीने टाकलेली संख्या यंत्रासाठी एकसंध असते, तिचे तुकडे होत नाहीत. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विज्ञानी लेखनातल्या संख्यांना भागायचे असते तेव्हा हेच बटण वापरावे.

पडद्यावरचे उत्तर उतरवतानाही थोडे सावध राहावे लागते. काही जुन्या यंत्रांवर १.७१७९८६९१८ आणि बाजूला वर बारीक १० एवढेच दिसते. ते १.७१७९८६९१८ चा दहावा घात नसून १.७१७९८६९१८×१०^१० आहे. आणि १ ÷ २०० चे उत्तर ०.००५ ऐवजी ५×१०^−३ असे येत असेल तर यंत्र ‘नॉर्म १’ मध्ये आहे. ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, ८, २ दाबून ‘नॉर्म २’ करा.

त्या १.७१७९८६९१८×१०^१० मध्ये पाहण्यासारखे आणखी काही आहे. ते २^३४ आहे. खरी संख्या १७,१७,९८,६९,१८४, म्हणजे ११ अंकी. पडदा १० अंकांचा असल्याने शेवटचा ४ दिसत नाही, पण आत तो आहे, कारण ही यंत्रे आत १५ अंक सांभाळतात. लगेच − १.७ ईएक्सपी १० = दाबा, १७९८६९१८४ येईल. लपलेला ४ समोर आला. मात्र हे थोड्या अंकांपुरतेच. २^६४ वीस अंकी आहे, त्याचे शेवटचे अंक यंत्राकडे नसतातच, कितीही वजाबाकी केली तरी.

राजेंद्रनगरच्या पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या केंद्राला इंदूरकर अजून ‘कॅट’च म्हणतात. तिथल्या इंडस-२ या यंत्रात १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत ठेवतात. फिरता फिरता काही इलेक्ट्रॉन गळत जातात आणि प्रवाह हळूहळू उतरतो. अशा उताराचे वर्णन दोन तऱ्हांनी होते आणि दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेसाठी, म्हणजे झोतासाठी, ‘लाइफटाइम’ सांगतात, म्हणजे प्रवाह १/ई पर्यंत उतरायला लागणारा वेळ. समजा तो २० तास आहे आणि सुरुवातीचा प्रवाह १०० मिलीअँपिअर. प्रत्यक्षात प्रवाह उतरत जातो तसा लाइफटाइमही बदलतो, पण थोड्या वेळासाठी तो स्थिर धरायला हरकत नाही. ६ तासांनी १०० × ई^(−६÷२०), म्हणजे ७४.१ मिलीअँपिअर. कुणी २० तास हे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा वेळ) समजून १०० × ०.५^(६÷२०) केले तर ८१.२ येईल. दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच पटण्याजोगी असतात, म्हणून ही चूक सहज सापडत नाही. सूत्रात ई आहे की ०.५, हे दिलेल्या काळाच्या नावावरून ठरवायचे. अर्धायुष्य म्हणजे लाइफटाइम गुणिले एलएन(२), म्हणजे ०.६९३ पट.

किरणोत्सारी औषधांत अर्धायुष्यच वापरतात. स्कॅनसाठी दिल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सुमारे ६ तास. सकाळी आठला ७४० मेगाबेकरेल (किरणोत्साराचे एकक) मोजले असेल तर दुपारी दीडला ७४० × ०.५^(५.५÷६), म्हणजे ३९२. कंस विसरला तर २.७३. इथे चूक पकडायला कॅल्क्युलेटरही लागत नाही: साडेपाच तास हे एका अर्धायुष्यापेक्षा कमी आहेत, तेव्हा निम्म्याहून, म्हणजे ३७० हून थोडे जास्तच उरायला हवे. घाताचे गणित टाकण्याआधी असा अंदाज मनात धरणे हा माझ्या मते कंसांहूनही मोठा आधार आहे.

पैशाच्या गणितात वेगळाच धोका असतो. २० लाखांचे कर्ज, व्याज वर्षाला ८ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक दर ०.०८÷१२, हप्ते २४०. हप्ता = मुद्दल × दर × (१+दर)^२४० ÷ ((१+दर)^२४० − १). भाजकाला बाहेरचा कंस लागतोच. हप्ता १६,७२८ रुपये ८० पैसे येतो. आता मासिक दर ०.००६६६६... ऐवजी कागदावर ०.००६७ असा उतरवून पुढे वापरला, तर (१+दर)^२४० हे ४.९२६८ ऐवजी ४.९६६१ होते आणि हप्ता १६,७७८ रुपये ६३ पैसे. महिन्याला जवळजवळ ५० रुपये, २४० हप्त्यांत सुमारे १२ हजार. चौथ्या दशांश स्थळावरची बारीक फेरफार २४० वेळा गुणली गेली की एवढी होते. म्हणून मधली उत्तरे कागदावर उतरवून परत टाकू नयेत. ‘आन्सर’ बटण वापरावे, किंवा मधले उत्तर एखाद्या अक्षरात साठवावे: शिफ्ट, आरसीएल, मग अक्षराचे बटण. पूर्णांकात आणायचे ते अगदी शेवटी, एकदाच.

गेट या अभियांत्रिकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात शिकणाऱ्या मुलांना हातातले यंत्र परीक्षेत नेता येत नाही. तिथे पडद्यावरचा कॅल्क्युलेटर असतो आणि त्याची रीत उलटी: आधी संख्या, मग फल (लॉग, ई चा घात वगैरे). दाबाचे गणित तिथे ५५० ÷ ८४०० =, मग +/−, मग ई चा घात, मग × १०१३ = असे करावे लागते. महिनोन्‌महिने खजुरी बाजारातून घेतलेल्या यंत्रावर सराव करून बोटांना लागलेला क्रम परीक्षेत आड येतो. शेवटचे काही आठवडे तरी पडद्यावरच्यावरच सोडवावे.

एवढे सगळे वाचल्यावर प्रश्न पडतो, यंत्र १.०६^७.३ सारखे काही काढते तरी कसे? ७.३ वेळा गुणता तर येत नाही. ते पायाचा लॉग काढते, त्याला घातांकाने गुणते आणि ई चा तितका घात काढते: अ^ब = ई^(ब × एलएन अ). यावरून बऱ्याच गोष्टी उलगडतात. (−४)^०.५ ला ‘मॅथ एरर’ येते, कारण ऋण संख्येला वास्तव लॉग नाही. घात पूर्णांक असेल, किंवा १/३ सारखा विषम छेदाचा अपूर्णांक असेल, तर यंत्रात वेगळी सोय असते, म्हणून (−८)^(१÷३) ला −२ येते. ०^० लाही एररच.

लॉग आणि ई चा घात ही जोडी किती नाजूक, ते १९७२ मध्ये आलेल्या एचपी-३५ वर दिसले. खिशात मावणारा तो पहिला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांवर २.०२ चा एलएन काढून लगेच त्याचा ई-घात काढला की २.०२ ऐवजी २ यायचे. कोणत्याही नव्या यंत्रावर ही चाचणी करून पाहता येते, दहा सेकंदही लागत नाहीत.

हेच लॉग यंत्राची सीमा ओलांडायलाही कामी येतात. ७^२०० टाकले तर मॅथ एरर, कारण ९.९९९९९९९९९×१०^९९ च्या पुढे या यंत्रांना जाता येत नाही. पण २०० × लॉग(७) काढा: १६९.०१९६०८. त्यातला १६९ हा दहाचा घात झाला, तो बाजूला ठेवा. − १६९ = दाबा, मग शिफ्ट, लॉग, आन्सर, =. येते १.०४६. म्हणजे ७^२०० हे १.०४६×१०^१६९, एकूण १७० अंकी.