सिकलचा वाहक म्हणजे ‘थोडा आजारी’ नव्हे

रक्त कमी आहे म्हटलं की लोहाच्या गोळ्या, हे किनवट-माहूरकडं घरोघरी पाठ आहे. सिकल, म्हणजे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, गोळ्यांनी जात नाही, एवढंच सांगून पुढं जातो.

खरा घोळ वाहक (बिघडलेलं जनुक बाळगणारा, पण आजारी नसलेला) आणि रुग्ण यांच्यात आहे. २०२३च्या जुलैत केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि गावोगावी शिबिरं लागली. तिथली पहिली चाचणी म्हणजे सोल्युबिलिटी. नळीत रक्ताचा थेंब टाकला, द्रावण गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की ‘पॉझिटिव्ह’. संध्याकाळपर्यंत गावभर होतं, अमक्याच्या पोरीला सिकल निघाला. अहो, काय निघालं ते अजून कुणालाच माहीत नसतं! रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती नळी सांगते. वाहक असो की रुग्ण, दोघांचीही नळी गढूळच होते. निवाडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करते. त्या कागदावर ‘एएस’ असेल तर वाहक, ‘एसएस’ असेल तर रुग्ण. हा दुसरा कागद हातात येण्याआधी सोयरीक मोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या प्रत्येकाकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एकाच प्रतीत बिघाड असेल तर दुसरी काम निभावून नेते. असा माणूस शेतात राबतो, पोरं वाढवतो, त्याला औषध लागत नाही. वय वाढलं म्हणून वाहकाचा रुग्ण होत नाही. ‘थोडा सिकल’ हा शब्द तर बंदच करा. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की मात्र ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी कळ येते.

दिसण्यावरूनही ठरवू नका. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहतं, त्यामुळं काहींचा आजार सौम्य भासतो आणि रुग्णच वाहक म्हणून खपून जातो.

वाहकानं जोडीदाराचा कागद बघायचा, बस्स. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण लेकराची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब साफ चूक; दर खेपेला फासे नव्यानं पडतात. जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असला तरी हाच धोका, आणि हे शिबिरात क्वचितच कुणी सांगतं.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आजार आहे, तो रुग्णांसाठी. ‘एएस’चा कागद घेऊन प्रमाणपत्राच्या रांगेत दिवस घालवू नका.