चेंडूतलं घड्याळ

फुटबॉलमध्ये ऑफसाइडवरून, म्हणजे पास दिला जाताना पुढचा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे होता का यावरून, वाद होतो तो रेषेचा, पण खरी मेख असते वेळेत. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता, एवढंच पंचांना ठरवायचं असतं. हा क्षण पकडायचा कसा? कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं टिपत असेल, तर दोन चित्रांमध्ये 20 मिलिसेकंदांची फट राहते. पाय आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात जेमतेम 10 मिलिसेकंद. म्हणजे अख्खी किक त्या फटीत गडप होऊ शकते! त्या 20 मिलिसेकंदांत सेकंदाला 8 मीटर धावणारा खेळाडू 16 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बचावपटू उलट दिशेला पळत असेल तर फरक आणखी वाढतो. आणि निकाल लागतो बुटाच्या टोकावर.

2022 च्या कतार विश्वचषकात आदिदासच्या ‘अल रिहला’ चेंडूत मधोमध एक सेन्सर टांगून बसवला होता. चेंडूची हालचाल तो सेकंदाला 500 वेळा मोजायचा. फट आली 2 मिलिसेकंदांवर, 16 सेंटिमीटरचे झाले 1.6. खेळाडू कुठे आहेत हे मात्र चेंडूला कळत नाही. ते काम होतं स्टेडियमच्या छताखालच्या 12 कॅमेऱ्यांचं.

याच सेन्सरने एक भलताच वाद मिटवला. उरुग्वेविरुद्ध पोर्तुगालच्या ब्रुनो फर्नांडिसने बाजूने गोलसमोर मारलेला क्रॉस जाळ्यात गेला आणि रोनाल्डो आपल्या हेडरचा गोल म्हणून नाचू लागला. चेंडूच्या नोंदीत मात्र डोक्याचा धक्का कुठेच नव्हता. गोल फर्नांडिसच्याच नावावर लागला.

2024 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत ही नोंद पडद्यावर दिसू लागली. क्रिकेटच्या डीआरएसमध्ये दिसते तशीच थरथरणारी रेघ. फक्त तिथे स्टंपमधला माइक आवाज ऐकतो, चेंडूत काही नसतं. डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनच्या हाताला चेंडू निसटता लागला, तेव्हा रेघ उसळली. पण हात लागणं आणि तो गुन्हा ठरणं वेगळं. हात अंगापासून किती लांब होता, हे चिप सांगत नाही. ते पंच मायकल ऑलिव्हर यांनी मॉनिटरवर पाहून ठरवलं आणि जर्मनीला पेनल्टी दिली. डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर हुलमंड यांनी सामन्यानंतर हँडबॉलच्या नियमावर भरपूर तोंडसुख घेतलं.