दीर्घकालीन थकव्याच्या आजारातील बौद्धिक अडचणी आणि मनोबल

एमई (मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस) किंवा सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात शरीर गळून जाते, तशीच विचारांची गतीही मंदावते. परिच्छेद तीनदा वाचूनही अर्थ न लागणे, ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडणे, बेरीज करताना हातचा विसरणे, दोघे एकदम बोलू लागले की एकाचेही न कळणे, अशा तक्रारी रुग्ण सांगतात. ‘ब्रेन फॉग’ या नावाने त्या सर्वत्र परिचित आहेत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली सुचवलेल्या निकषांनुसार किमान सहा महिने टिकलेली कार्यक्षमतेतील मोठी घट, श्रमानंतरचा बिघाड (म्हणजे श्रम केल्यावर लक्षणे बळावणे) आणि ताजेतवाने न करणारी झोप ही तिन्ही लक्षणे निदानासाठी आवश्यक असून, त्यांच्या जोडीला बौद्धिक अडचण किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास यांपैकी एक तरी असावे लागते.

या अडचणींचे स्वरूप विशिष्ट आहे. मानसशास्त्रीय चाचण्यांत माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग आणि दीर्घकाळ एकाग्रता टिकवण्याची क्षमता यांत घट आढळते. भाषिक ज्ञान आणि सर्वसाधारण तर्कशक्ती मात्र बहुधा शाबूत असते. म्हणूनच दहा मिनिटांच्या भेटीत रुग्ण नीट उत्तरे देतो आणि तपासणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही. मेंदूच्या प्रतिमांवर आधारित काही अभ्यासांत, कठीण काम निरोगी व्यक्तीइतक्याच अचूकपणे करताना रुग्णांच्या मेंदूचा अधिक भाग कामाला लागल्याचे दिसले आहे. उभ्या स्थितीत मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अनेक रुग्णांत निरोगी व्यक्तींपेक्षा बराच जास्त घटतो, आणि हे नाडी व रक्तदाब सामान्य असतानाही घडू शकते. मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नसले, तरी विचार करण्यासाठी पडून राहावे लागते हे रुग्णांचे म्हणणे अशा निरीक्षणांमुळे गांभीर्याने घ्यावे लागते.

श्रमानंतरचा बिघाड केवळ चालण्या-फिरण्याने होतो असे नाही. परीक्षेचा पेपर, लांबलेली बैठक किंवा घरातील भावनिक ताणही त्याला पुरेसा ठरतो, आणि परिणाम अनेकदा एक-दोन दिवसांनी उमटत असल्याने कारण व परिणाम यांची सांगड रुग्णालाही चटकन लागत नाही.

मनोबलाचा विचार या आजाराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात आलेल्या साथीनंतर या आजाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, जुन्या नोंदींच्या आधारे, ती साथ सामूहिक उन्मादाची (मास हिस्टेरिया) असल्याचे मत मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तेव्हा हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत समाविष्ट झालेला होता. तरीही रुग्णाच्या मनालाच दोष देण्याची प्रवृत्ती पुढे कितीतरी वर्षे टिकली. आपण आजारी आहोत हे पटवून देण्यातच ज्यांची ताकद खर्ची पडली, त्यांना पुन्हा मन खंबीर करण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

नैराश्यात इच्छाच मावळते. या आजारात इच्छा बहुधा टिकून असते, पण ती पेलणारी शक्ती नसते. दीर्घ आजारपणामुळे नैराश्य येऊही शकते आणि त्यावर स्वतंत्र उपचार व्हायलाच हवेत. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलताना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत वगळली आणि विचार व वागणुकीच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या वर्तनोपचाराला (सीबीटी) आजार बरा करण्याचा नव्हे, तर आजारासह जगण्यास आधार देण्याचा उपाय मानले. त्यामुळे येथे मनोबल म्हणजे रेटून नेणे नव्हे. बरे वाटत असतानाच काम थांबवणे, दिवसाची शक्ती बेतून वापरणे, लक्षात ठेवण्याऐवजी लिहून ठेवणे आणि नकार देताना अपराधी न वाटू देणे यांतच ते दिसते. ‘पेसिंग’ म्हणतात ते हेच. ते कुटुंबाच्या साथीशिवाय जमत नाही, कारण सणावाराला किंवा लग्नघरात मधूनच उठून पडून राहणाऱ्या माणसाला घरच्यांनीच पाठीशी घालावे लागते.

तीव्र अवस्थेतील रुग्णांना प्रकाश, आवाज आणि चार वाक्यांचे संभाषणही सहन होत नाही. त्यांची तपासणी घरी किंवा फोनवरून करावी, प्रश्न एकेक करून विचारावेत, उत्तरासाठी वेळ द्यावा आणि सूचना लेखी स्वरूपात हाती ठेवाव्यात.