शाळेच्या अ‍ॅपमध्ये लाल दिसलं तर काय समजायचं?
(आमच्या दुकानात येणाऱ्या पालकांसाठी)

जून उजाडला की आमच्या काउंटरसमोर दोन रांगा लागतात. एक उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांची, ती जुनीच. दुसरी गेल्या काही वर्षांतली. हातात मोबाइल, शाळेनं दिलेली चिठ्ठी आणि "एवढं जरा चालू करून द्या." चालू करून देणं पाच मिनिटांचं काम. पण आठ दिवसांनी तीच मंडळी परत येतात, कुणी घाबरून, कुणी पोराला बखोटीला धरून, आणि विचारतात, "हे लाल का दिसतंय?" तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं. घरी न्या, कॅलेंडरमागे लावून ठेवा.

आधी नंबरचं बघा

निम्मी माणसं ओटीपीवर अडतात. शाळेत नंबर दिलेला असतो बाबांचा, आणि बाबा गाडी घेऊन गेलेत भिवंडीला. इकडे आई काउंटरवर उभी, तिकडे फोन लागत नाही. त्यामुळे जो पालक घरी असतो, ज्याच्या हातात फोन असतो, त्याचा नंबर शाळेत द्या. हा बदल आम्हाला इथून करता येत नाही. शाळेच्या दप्तरात तो क्लार्क किंवा वर्गशिक्षकच करतात, साधा अर्ज पुरतो.

जुनं सिम बंद केलं असेल तर हे काम लांबवू नका. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग "आपला पाल्य आज गैरहजर आहे" हा निरोप कुठल्यातरी अनोळखी माणसाला जात राहतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

पासवर्ड बहुतेक वेळा मुलाची जन्मतारीख असते. तो पहिल्याच दिवशी बदला. आणि बदललेला पासवर्ड आठवीतल्या पोराला कळणार नाही अशा भ्रमात राहू नका. गैरहजेरीचा निरोप बापाच्या फोनवरून आधीच पुसून टाकणारे हुशार गडी आम्ही पाहिलेत.

कुठलं पोर्टल कशाचं

"सरलवर मुलीचे मार्क दाखवा" असं कुणी म्हणालं की आम्हाला हात जोडावे लागतात. सरल आणि यूडायस-प्लस ही सरकारी पोर्टलं शाळेनं माहिती भरायची आहेत, पालकांनी रोजचा गृहपाठ बघायची नाहीत. तिथला तुमच्या कामाचा भाग एकच: मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे ना. यूडायस-प्लसवर प्रत्येक मुलाला 11 अंकी पेन (कायमचा शैक्षणिक) क्रमांक असतो. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, 12 अंकी, तो आधारवरून निघतो आणि त्याआधी शाळा पालकांची संमती घेते. आधारवर 'वैष्णवी' आणि शाळेत 'वैश्नवी' असेल तर गाडी तिथंच अडते. ही दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत ठेवू नका. तेव्हा सगळ्या गावाला एकदमच आठवण होते.

रोजचा अभ्यास दिसतो तो शाळेनं घेतलेल्या खाजगी अ‍ॅपमध्ये, नाहीतर गूगल क्लासरूममध्ये. क्लासरूममध्ये पालकांचं वेगळं खातं उघडून सगळं दिसत नाही. शाळेनं सोय चालू केली असेल तर पालकांना ईमेलवर गोषवारा येतो, रोजचा किंवा आठवड्याचा. राहिलेलं काम, पुढचं काम आणि वर्गात काय टाकलं एवढंच त्यात असतं. मार्क त्यात नसतात, तेव्हा ईमेलमध्ये मार्क शोधत बसू नका.

आता ते लाल

अ‍ॅपमध्ये दिसते ती नोंद. काम झालं की नाही ही गोष्ट वेगळी. एवढं एक ध्यानात आलं तरी घरातली निम्मी भांडणं मिटतील.

क्लासरूमचंच घ्या. मुलानं गणिताचा स्वाध्याय वहीत सोडवला, वही बाईंच्या टेबलावर ठेवली. पण मोबाइलवर 'टर्न इन' (काम जमा करा) हे बटण दाबलं नाही. मुदत टळली की अ‍ॅप आपोआप लाल अक्षरांत 'मिसिंग' (काम आलं नाही) दाखवतं. बाईंनी काही लिहिलेलं नसतं, ते यंत्राचं बोलणं आहे. उलटही होतं. कोरं पान जोडून बटण दाबलं तरी काम जमा झालं असंच दिसतं. म्हणून लाल बघून लगेच ओरडू नका, आणि लाल नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. वही मागवा. वही खोटं बोलत नाही, निदान फार वेळ तरी नाही.

खाजगी अ‍ॅपमध्ये नोंद शिक्षक हातानं करतात. वर्गात साठ मुलं, त्यात निवडणुकीचं काम, त्यात सर्वेक्षण. सोमवारचा गृहपाठ शनिवारी चढवला जातो. काही अ‍ॅपमध्ये न तपासलेलं कामही 'अपूर्ण' मध्येच पडतं. त्यामुळे नोंद कुठल्या तारखेला केली ते बघा, आणि दोन-तीन दिवसांपूर्वीचं लाल असेल तर थोडं थांबा. आठवडा उलटूनही तसंच असेल तर मग शाळेत विचारा.

मार्कांचा घोळ वेगळा. अ‍ॅपमध्ये '18' दिसलं. कितीपैकी? 20 पैकी की 40 पैकी? आकडा दाबला की बहुतेक अ‍ॅपमध्ये 'पैकी' दिसतं, पण दाबतं कोण! चाचणीला ताप होता, मूल गेलंच नाही, तरी काही ठिकाणी तिथं 0 चढतो. हा शून्य शाळेत सांगून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

राज्य मंडळाच्या शाळांत 2010 पासून आकारिक आणि संकलित असं दुहेरी मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे वर्षभराची तोंडी कामं, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. त्या योजनेत तिसरी-चौथीला आकारिकचं वजन 60 टक्के धरलं, सातवी-आठवीला ते 40 वर आणलं आणि परीक्षेला 60 दिले. म्हणजे चौथीतल्या मुलानं वर्षभर प्रकल्प दिले नाहीत तर शेवटच्या पेपरात कितीही लिहिलं तरी भरून निघणं कठीण. आणि हा प्रकल्पांचा रकाना अ‍ॅपमध्ये सगळ्यात खाली असतो, जिथवर कुणी जात नाही. तिथं जा.

हजेरीची टक्केवारी बघून जूनमध्ये हाय खाऊ नका. शाळा 12 दिवस भरली, तीन दिवस मूल आजारी, की अ‍ॅप 75 टक्के दाखवतं. दिवाळीपर्यंत तोच आकडा आपोआप वर जातो. मात्र दहावी-बारावीच्या मुलांचा फेब्रुवारीत हा आकडा 75 च्या खाली असेल तर ती खरी काळजीची गोष्ट, कारण परीक्षेला बसायला तेवढी हजेरी लागते.

किती वेळा बघायचं

आमचं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा. शनिवारी दुपारी, मुलाला शेजारी बसवून. आधी त्यालाच विचारायचं, "या आठवड्यात काय राहिलंय?" त्यानं सांगितल्यावर मग अ‍ॅप उघडायचं. दोन्ही जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर तिथंच बोलणं होतं. दिवसातून दहा वेळा अ‍ॅप उघडून कामावरून फोन करणारे एक गृहस्थ आमचे ग्राहक आहेत. त्यांची मुलगी आता त्यांचा फोनच उचलत नाही.

गैरहजेरी आणि सुट्टी, या दोनच सूचना चालू ठेवा. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी रात्री जाहीर करतात, ती चुकायला नको. बाकीचं टिंगटिंग बंद केलं तरी काही बिघडत नाही. आणि रात्री साडेदहाला बाईंना "मार्क कमी का" असा निरोप धाडू नका, त्याही कुणाच्या तरी आई आहेत.

ज्यांना वाचता येत नाही त्यांची अडचण आम्ही जाणतो. आजी फोन नातवाच्या हातात देते आणि नातू वाचून दाखवतो, "सगळं बरोबर आहे, आजी." अशा आजी-आजोबांनी शनिवारी तीन ते पाच दुकानात यावं, आम्ही वाचून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत. नातवाला सोबत आणलं तर जास्त बरं.

फसवणूक

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'एपीके' फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) शाळेच्या नावानं आली तरी उघडू नका. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. "फी थकली आहे, या लिंकवर भरा" असा निरोप आला तर आधी शाळेत फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर तक्रार करा, बँक उघडायची वाट बघू नका.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांना मूल धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते. शाळांना काही बाबतींत सूट आहे, पण गृहपाठाच्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले सगळे फोटो कशाला हवेत, हे विचारायला कुणाची बंदी नाही. परवानगी मागितली की 'नको' दाबून बघा. बहुतेक वेळा अ‍ॅप तरीही चालतं.

आमच्याकडे येताना

मोबाइल चार्ज केलेला, शाळेची चिठ्ठी, आणि ज्याच्या नंबरवर ओटीपी येणार ते माणूस (निदान फोनवर तरी). पहिल्यांदा चालू करून देण्याचे 30 रुपये, प्रगतिपत्रकाची प्रिंट 5 रुपये. तुमचा पासवर्ड आम्ही वहीत लिहून ठेवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. आमच्या कॉम्प्युटरवर खातं उघडलं असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत बंद करतो; विसरलो तर हक्कानं सांगा. गुरुवारी दुपारपर्यंत लाइट नसते, तेव्हा चारनंतर या.