पार्श्वभूमी : रेडिऑन ७९०० एक्सटीएक्स आणि ११० अंशांचा वाद

१३ डिसेंबर २०२२ रोजी एएमडी या कंपनीचे रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स हे ९९९ डॉलरचे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले आणि त्याच महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. गेम सुरू केल्यावर थोड्याच वेळात काही कार्डांचे हॉटस्पॉट तापमान (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे) ११० अंश सेल्सिअसवर जाऊन अडकत होते, पंखे पूर्ण वेगाने घोंघावत होते आणि तरीही कार्ड स्वतःचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणत होते. सुरुवातीच्या तक्रारदारांना कंपनीकडून मिळालेले उत्तर असे होते, की ११० अंश हे ठरलेल्या मर्यादेतच आहे, सबब कार्ड बदलून देण्याचा प्रश्न येत नाही.

या उत्तराची मुळे २०१३ मध्ये सापडतात. तापट कार्डे त्याआधीही होती. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचे २००३ मधले जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा पंख्याच्या आवाजामुळे आणि २०१० मधले जीटीएक्स ४८० उष्णतेमुळे थट्टेचा विषय झाले होते, मात्र तोवर तापमान चढणे ही उणीवच समजली जात असे. एएमडीच्या ऑक्टोबर २०१३ च्या रेडिऑन आर९ २९०एक्सने हा हिशेब उलटा केला. ९५ अंशांपर्यंत चढून तिथेच टिकून राहणे हे त्या कार्डाचे मुद्दाम ठरवलेले वर्तन होते, आणि त्या तापमानात बसेल तेवढाच क्लॉक, कमाल १००० मेगाहर्ट्झपर्यंत, मिळत असे. शांत मोडमध्ये पंख्याला ४० टक्क्यांची मर्यादा होती. अडचण अशी, की हे ४० टक्के पंख्याला जाणाऱ्या इशाऱ्याचे होते, फेऱ्यांचे नव्हते. त्याच इशाऱ्यावर एका कार्डाचा पंखा जोरात, तर दुसऱ्याचा मंद फिरत असे. परीक्षकांना मिळालेली कार्डे दुकानातून घेतलेल्या काही कार्डांपेक्षा वेगवान का निघाली, याचे एक कारण हेच होते. कंपनीने पुढच्याच महिन्यात ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलून ही मर्यादा टक्क्यांऐवजी फेऱ्यांत बांधली आणि तफावत कमी झाली. तापमान मात्र सगळ्यांचे ९५ च दिसत असल्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून चांगले कार्ड आणि डावे कार्ड वेगळे करणे अवघडच राहिले. (चंद्रपूरच्या मे महिन्यातही अशा कार्डाचा आकडा तोच राहतो, आवाज वाढतो किंवा फ्रेम कमी होतात, एवढेच.)

दुसरा गुंता तापमान मोजण्याच्या पद्धतीतला आहे आणि सारा वाद खरे तर त्याभोवतीच फिरतो. पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा चिपच्या कडेजवळच्या सेन्सरचा असे. पुढे चिपभर सेन्सर पेरले गेले. फेब्रुवारी २०१९ च्या रेडिऑन ७ मध्ये ते ६४ होते, आणि त्यांतला जो सर्वांत तापलेला असेल त्याचे माप जंक्शन किंवा हॉटस्पॉट तापमान म्हणून दाखवले जाऊ लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये आरएक्स ५७०० मालिकेबद्दल खुलासा करताना कंपनीने, गेम खेळताना जंक्शन तापमान ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित आणि मर्यादेतले आहे, असे सांगितले. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट नव्हती. जुन्या कडेच्या आकड्याशी या नव्या आकड्याची तुलना करून घाबरणाऱ्यांना ते सांगणे आवश्यकही होते. पण विधान चिपबद्दल होते आणि पुढे ते कूलरबद्दलही वापरले गेले. चिप ११० अंश सोसते म्हणून तिच्यावर बसवलेला कूलर धड आहे असे ठरत नाही.

याचा दाखला लवकरच मिळाला. जानेवारी २०२० मध्ये याच मालिकेची कार्डे विकणाऱ्या एका बड्या उत्पादकाने कबूल केले, की चिपवर कूलर दाबून धरणाऱ्या स्क्रूंचा दाब चिप-कंपनीने सुचवल्याप्रमाणे ३० ते ४० पीएसआय (दाबाचे एकक) ठेवला होता, परंतु स्वतःच्या चाचण्यांत ५० ते ६० पीएसआय अधिक योग्य ठरला. म्हणजे मर्यादेत बसणाऱ्या तापमानामागे सैल स्क्रूही असू शकत होते.

२०२२ मध्ये दोष आणखी आत दडला होता. ७९०० एक्सटीएक्सच्या मूळ कूलरमध्ये चिपला टेकलेला व्हेपर चेंबर असतो. हा तांब्याचा चपटा, हवा काढून बंद केलेला डबा असून त्यात थोडेसे पाणी असते. चिपजवळ त्याची वाफ होते, ती थंड भागाकडे जाऊन पुन्हा पाणी बनते आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत चिपकडे ओढले जाते. पाणी कमी पडले, की तापलेला भाग कोरडा पडतो आणि ३५५ वॅटच्या कार्डाची उष्णता वाहून नेणे चेंबरला झेपत नाही. एका जर्मन ओव्हरक्लॉकरने (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्या हौशी तज्ज्ञाने) अशी कार्डे मिळवून ती आडवी आणि उभी चालवून पाहिली. उभे ठेवून सुरू केलेले कार्ड बरेच थंड राहिले. आडवे चालवून ११० पर्यंत नेलेले कार्ड मात्र चालू असतानाच उभे केले, तरी तापमान उतरले नाही. चिप आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट किंवा स्क्रू हे कारण असते, तर दिशेने इतका फरक पडला नसता.

जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने कूलिंगमधला दोष मान्य केला. थोड्या व्हेपर चेंबरमध्ये पुरेसे पाणी भरले गेले नव्हते, असे सांगून तिने कार्डे बदलून देण्याची तयारी दाखवली. भागीदार उत्पादकांनी स्वतःचे कूलर लावलेली कार्डे यातून सुटली, कारण चिपमध्ये बिघाड नव्हताच. कामगिरीतला फरक किरकोळ असल्याचे कंपनीने सोबत म्हटले. ९९९ डॉलर मोजलेल्या माणसाला त्यात फारसे समाधान मिळण्यासारखे नव्हते.

खरेदीदार तेव्हापासून ११० या आकड्यापेक्षा कडेचे तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यातल्या अंतराकडे पाहू लागले आहेत. हे अंतर २० अंशांच्या आसपास असेल तर चिंता नसते. सदोष कार्डांत ते ४० च्याही पुढे जात होते.