रान (जपानी चित्रपट)

अकिरा कुरोसावा (१९१०–१९९८) यांनी दिग्दर्शित केलेला भव्य ऐतिहासिक जपानी चित्रपट. प्रदर्शन १९८५. मराठीतील ‘रान’ या शब्दाशी या नावाचा संबंध नाही. जपानी भाषेत त्याचा अर्थ बंडाळी, अंदाधुंदी असा होतो. कथानक काल्पनिक असून ते सोळाव्या शतकात, सरदारांच्या आपसांतील लढायांनी होरपळलेल्या सेंगोकू कालखंडात घडते.

कथेचे बीज मोरी मोतोनारी (१४९७–१५७१) या सरदाराच्या आख्यायिकेत आहे. सुटा बाण सहज मोडतो, तीन बाण एकत्र धरले तर मोडत नाहीत, असे दाखवून त्याने आपल्या तीन मुलांना एकीचे महत्त्व पटवले, असे सांगतात. हीच मुले बापावर उलटली असती तर, या कल्पनेतून कुरोसावांना कथा सुचली आणि पुढे तीत शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे सूत्र मिसळले. चित्रपटात धाकटा साबुरो तिन्ही बाण गुडघ्यावर मोडून दाखवतो आणि या स्पष्टवक्तेपणापायी बापाच्या रोषास पात्र ठरतो.

वृद्ध हिदेतोरा इचिमोन्जी (तात्सुया नाकादाई) थोरल्या तारोकडे सत्ता सोपवतो, जिरो व साबुरो यांना एकेक किल्ला देऊ करतो आणि विरोध करणाऱ्या साबुरोला हाकलून देतो. लिअरच्या पूर्वायुष्याबद्दल मूळ नाटक जवळपास मौन पाळते. हिदेतोराचे पूर्वायुष्य मात्र रक्ताने माखलेले आहे आणि या रूपांतराचे खरे बळ त्यातच आहे. त्याने ज्यांची घराणी बुडवली, त्यांच्याच मुली त्याच्या सुना आहेत. त्यांपैकी सुए बुद्धाला शरण जाऊन त्याला क्षमा करते, तर काएदे (मिएको हारादा) तारो व जिरो या दोघा भावांना हाताशी धरून इचिमोन्जी घराण्याचा निर्वंश घडवून आणते. त्यामुळे येथे मुलांच्या कृतघ्नतेइतकाच बापाच्या कर्माचा हिशेब चुकता होतो.

तिसऱ्या किल्ल्यावरील हल्ल्यात रणांगणाचे सर्व आवाज काढून टाकले असून केवळ तोरू ताकेमित्सू यांचे संगीत ऐकू येते; तारोला गोळी लागताच कोलाहल एकदम परततो. फुजी पर्वताच्या उतारावर मुद्दाम उभारलेला हा किल्ला चित्रीकरणात खरोखर जाळण्यात आला. पुन्हा चित्रीकरणाची सोय नसल्याने, ज्वाळांतून भ्रमिष्टासारखा पायऱ्या उतरणारा हिदेतोरा नाकादाई यांना पहिल्याच प्रयत्नात साकारावा लागला.

पैशाअभावी चित्रपट अनेक वर्षे रखडला. त्या काळात कुरोसावांनी त्यातील दृश्ये रंगचित्रांच्या रूपात काढून ठेवली. अखेर फ्रेंच निर्माते सेर्ज सिल्बरमान यांच्या साहाय्याने तो उभा राहिला. चित्रीकरण सुरू असतानाच कुरोसावांच्या पत्नीचे निधन झाले. तारोचे सैन्य पिवळे, जिरोचे तांबडे, साबुरोचे निळे, अशी रंगांची वाटणी असल्याने गर्दीच्या लढाईतही प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. या वेशभूषेसाठी एमी वादा यांना ऑस्कर मिळाले. कुरोसावांना दिग्दर्शनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, तेही वयाच्या पंचाहत्तरीत आणि कारकिर्दीत एकदाच.